खालच्या खोलीची लाईन

सांगलीला मी ज्यांच्या घरी तीन वर्षं भाड्यानं राहिले, त्या आबांनी घरातल्या प्रत्येक तारेला चिठ्ठी बांधलेली होती. पुठ्ठ्याचा लहानसा तुकडा आणि त्यावर शाईनं लिहिलेलं: ‘बैठकीचा पंखा ते बोर्ड’, ‘अँटेना ते टीव्ही’, ‘घंटा: दार ते स्वयंपाकघर’. अंगणात कपडे वाळत घालायची तार होती. तिलाही चिठ्ठी होती: ‘कपड्यांची तार. वीज नाही.’ पावसाळ्यात या चिठ्ठ्यांची शाई पसरायची आणि पाऊस उघडला की आबा सगळ्या नव्यानं लिहून काढायचे.

आबा मूळचे माण तालुक्यातले. लष्करात सिग्नलला होते. म्हणजे आयुष्यभर तारा ओढल्या, जोडल्या आणि त्यांच्यावरून आलेले निरोप लिहून घेतले. निवृत्त झाल्यावर सांगलीत विश्रामबागेकडे हे दोन मजली घर बांधलं. सकाळी सहाला बुद्धवंदना, सव्वासहाला नोंदवही. नोंदवहीत पाणी किती वाजता आलं, वीज किती वाजता गेली, दूधवाला किती मिनिटं उशिरा आला, हे सगळं असायचं. त्या वहीचा पुढं कुणाला काही उपयोग झाल्याचं मला माहीत नाही.

त्यांच्याशी बोलताना नवख्या माणसाला जरा अवघडायला व्हायचं, कारण आपण म्हटलेलं ते परत म्हणून दाखवायचे. मी म्हणायची, “आबा, मी उद्या सातारला जातेय. सोमवारी येईन.” त्यावर ते मान खाली घालून म्हणायचे, “उद्या. सातारा. सोमवारी परत. बरोबर?” मी ‘बरोबर’ म्हणेपर्यंत जिन्यावरून हलायचे नाहीत. दारावर येणारा भाजीवालाही याला सरावला होता. “वांगी आहेत, ताजी आहेत, बरोबर,” असं तो एका दमात स्वतःच म्हणून टाकायचा.

त्यांची बायको प्राथमिक शाळेत शिक्षिका होती. सगळी गल्ली त्यांना बाई म्हणायची आणि आबाही बाईच म्हणायचे. बाईंनी सातारला ट्रेनिंग कॉलेज केलेलं, त्यामुळं मी सातारची म्हटल्यावर वरची मागची खोली मला लगेच मिळाली. मी तेव्हा सांगलीत एका कॉम्प्युटर क्लासमध्ये शिकवत होते. नव्वदीची शेवटची वर्षं होती. गल्लीत फोनसुद्धा चार-पाच घरांतच होता, पण आबांच्या घरात दोन कॉम्प्युटर होते. एक त्यांच्या पुण्यातल्या मुलानं नवा घेऊन दिलेला, दुसरा त्याच्या ऑफिसनं काढून टाकलेला.

कॉम्प्युटर आले ते बाईंमुळं. आदल्या वर्षी त्यांना पक्षाघात झाला होता. पाय बराचसा सुधारला, पण उजव्या हातात पेन धरता येईना. त्यांना लिहायचं होतं. आपलं लहानपण, माणातलं गाव, धर्मांतर झालं त्या वर्षीची शाळा, पुढची नोकरीची गावं. मुलानं नवा कॉम्प्युटर खालच्या खोलीत त्यांच्या पलंगाशेजारी ठेवला, मराठी फॉन्ट टाकून दिला आणि बाई डाव्या हाताच्या एका बोटानं टाईप करायला शिकल्या. दिवसाकाठी अर्धं पान व्हायचं.

जुना कॉम्प्युटर वर, आबांच्या खोलीत. त्यांचा गुडघा जीपच्या अपघातात गेलेला, दिवसातून चारदा जिना उतरणं नको वाटायचं. बाईंच्या पडद्यावर काही चौकट आली की त्या खालून हाक मारायच्या, “आवं, अडकलंय.” आबा कठडा धरून एकेक पायरी उतरायचे, माऊसचं एक बटण दाबायचे आणि परत चढायचे. असं महिनाभर झाल्यावर त्यांनी मला विचारलं, “पोरी, वरनं खालचं मशीन चालवता येतंय का?”

येत होतं. दोन्ही मशीनमध्ये नेटवर्कचं कार्ड बसवायचं, मधून केबल ओढायची आणि एक प्रोग्रॅम टाकायचा, की खालचा पडदा वर जसाच्या तसा दिसतो आणि वरून चालवताही येतो. मी हे पुस्तकात वाचलं होतं, केलं नव्हतं. आबांनी लष्करी पद्धतीनं केबल ओढली, वीतभर अंतरावर खिळा, कुठं झोळ नाही. चिठ्ठी बांधली: ‘वरचे मशीन ते खालचे मशीन’. केबलच्या दोन्ही टोकांना पितळेची एकेक छोटी टोपी बसते. तिला पाव फिरकी दिली की ती निघते, आणि कुठल्याही टोकाची निघाली की सगळी लाईन बंद पडते. हे मी त्यांना सांगितलं. “टोपी निघाली. लाईन बंद. बरोबर?” आबा म्हणाले.

पहिल्या दिवशी काहीच झालं नाही. दोन्ही मशीनना मी चुकून एकच नाव दिलं होतं, त्यामुळं दोन्ही गप्प बसली. नावं बदलली, तर दोघांचा नंबरही एकच निघाला. तोही बदलला. मग खालचं वर दिसायला लागलं, पण पाचेक मिनिटांनी तुटायला लागलं. एका जोडात तांब्याची तार नीट दाबली गेली नव्हती. मी सातारहून येताना नवा जोड घेऊन आले, आबांनी तो स्वतः बसवला आणि लाईन टिकली. वरच्या पडद्यावर बाईंच्या माऊसचा बाण हळूहळू सरकताना दिसला, तेव्हा आबा खुर्चीत मागं टेकून बसले. “म्हंजे बाई ठीक हायत,” ते म्हणाले.

त्यांच्या दृष्टीनं कॉम्प्युटरचा खरा उपयोग तिथून सुरू झाला. बाण हलतोय तोवर बाई ठीक. एकदा बाण वीस मिनिटं हलला नाही. आबा जिना उतरताना शेवटच्या दोन पायऱ्यांवरून घसरले आणि लंगडत आत गेले. बाई खिडकीबाहेर बघत बसल्या होत्या.

“काय झालं?” आबांनी विचारलं.

“विचार करत होते,” बाई म्हणाल्या. “त्याला बाण हलवावा लागत नाही.”

आबांचं आणखी एक वेड सांगायला हवं. ते स्वतः बोलायचे माणातल्यासारखं, हाय, न्हाई, कवा, तवा. पण लिहिलेलं अशुद्ध त्यांना चालायचं नाही. लग्नपत्रिका आली की पेन्सिलनं दुरुस्त करायचे आणि जवळचे असतील तर परत पाठवायचे. एकदा आम्ही एसटीनं आष्ट्याला उतरलो. त्यांच्या लष्करातल्या एका जोडीदाराचा बिघडलेला टीव्ही बघायचा होता. स्टँडसमोरच्या हॉटेलवर पाटी होती, ‘उपहारगृह’. आबा दारातच थांबले.

“मालक, उपहार म्हंजे भेट. तुमी फुकट देताय का चहा?”

“न्हाई बा,” मालक म्हणाला.

“मग मधी काना घाला. उपाहार.”

तिथं आम्ही चहा घेतला नाही. पुढच्या खेपेला पाटीवर काना होता, वेगळ्या रंगाचा. आबा आत जाऊन दोन कप चहा प्यायले.

हे वेड त्यांना बाईंनीच लावलेलं होतं. लग्नानंतर आबा सरहद्दीवरून पत्रं लिहायचे. बाई त्यातल्या चुका लाल शाईनं दुरुस्त करून, तेच पत्र उत्तरासोबत परत पाठवायच्या. सातवी पास झालेल्या माणसानं पोस्टानं शुद्धलेखन शिकून घेतलं. आबा हे अभिमानानं सांगायचे. “हिनं मला माणसात आणलं,” म्हणायचे.

लाईन टिकल्यानंतर साधारण दोन महिन्यांनी पुन्हा बिघाड सुरू झाला. रोज दुपारी तीनच्या सुमाराला लाईन जायची आणि चार-सव्वाचारला आपोआप यायची. आबांनी नोंदवहीत वेगळं पान केलं. वार, वेळ, किती मिनिटं. मी कार्ड बदलून बघितलं, प्रोग्रॅम काढून परत टाकला. फरक पडला नाही.

आबांचा संशय मागच्या गल्लीतल्या पिठाच्या गिरणीवर गेला. गिरणी तीनला सुरू व्हायची. तिच्या मोटारीमुळं लाईन बिघडते, असं त्यांचं म्हणणं. ते गिरणीवाल्याकडं गेले आणि एक दिवस गिरणी बंद ठेवायला सांगितलं. गिरणीवाला आधी हसला, मग कबूल झाला, कारण त्याचा भाऊ लष्करात होता. त्या दुपारी आबा गिरणीच्या दारात स्टूल टाकून बसले. बायका डबे घेऊन आल्या आणि परत गेल्या. एकीनं विचारलं, “आवं, आमी रातच्याला काय खायाचं?” आबांनी तिला चौकशी चालू असल्याचं सांगितलं. मी वर पडद्यापुढं होते. तीनला लाईन गेली.

मी त्यांना जाऊन सांगितलं. आबांनी गिरणीवाल्याचे आभार मानले, घरी आले आणि वहीत ‘गिरणी निर्दोष’ असं लिहिलं.

दुसऱ्या दिवशी मला क्लासला सुट्टी होती. तीनला पाच मिनिटं असताना मी खाली बाईंच्या खोलीत गेले. त्या मशीनसमोर होत्या. डावा हात मशीनमागं गेला आणि परत आला तेव्हा मुठीत काहीतरी होतं. त्यांनी माझ्याकडं बघून मूठ उघडली. पितळेची टोपी होती.

“बस,” त्या म्हणाल्या.

मी पलंगाच्या कडेला बसले. बाई शिकवल्यासारखं सावकाश बोलायच्या, तशाच बोलल्या.

“मी ‘न्हाई’ असं लिहिलं की ते माझ्या डोळ्यांदेखत ‘नाही’ व्हायचं. ‘व्हतं’ लिहिलं की ‘होतं’. वरून ते दुरुस्त करायचे. मी काही बोलले नाही. तीस वर्षं मीच पोरांच्या वह्यांत तेच केलं. आमच्या गावची पोरं ‘आय’ म्हणायची, मी ‘आई’ लिहायला लावायची. पण हे माझं लिहिणं आहे. माणसं बोलली तशी मला लिहायची आहेत.”

“मग आबांना सांगायचं,” मी म्हटलं.

“सांगणार होते. मग ही ओळ आली.”

त्यांनी पान मागं नेऊन पडद्यावर बोट ठेवलं. तिथं लिहिलेलं होतं: आय, पानी दे गं.

“ही ओळ त्यांनी दोनदा दुरुस्त केली. आई, पाणी दे गं. मी परत केली, त्यांनी परत दुरुस्त केली. तेव्हापासून मी हे लिहायला बसले की टोपी काढते.”

आबा-बाईंना एक मुलगी होती, हे मला त्या दिवशी कळलं. पुण्याच्या मुलाच्या आधीची. सुजाता. बाई माणातल्या एका वस्तीवर नोकरीला होत्या, आबा सरहद्दीवर. मुलीला ताप आला. दहिवडीच्या दवाखान्यात न्यायला बैलगाडी मिळेपर्यंत रात्र गेली. चार वर्षांची होती. ती शेवटचं जे बोलली ते बाईंनी लिहिलं होतं.

“त्यांना ठाऊक नाही ही ओळ कुणाची आहे,” बाई म्हणाल्या. “कसं ठाऊक असणार? ते रजेवर आले ते चार महिन्यांनी. त्यांनी विचारलं नाही, मी सांगितलं नाही. मग तसंच राहिलं. आता तीस वर्षं व्हायला आली.”

“मी सांगू का त्यांना?”

बाईंनी टोपी मुठीत बंद केली. “तुला सांगवत असेल तर सांग. मला नाही जमायचं.”

मी वर गेले तेव्हा आबा वही उघडून बसले होते. मला बघून म्हणाले, “पोरी, तार ठीक हाय. कार्ड ठीक हाय. गिरणी न्हवं. म्हंजे आता माणूसच राहतंय. खरं का न्हाई?”

त्यांना कळलेलंच होतं, किंवा कळत आलं होतं. लाईनचा बिघाड शोधत जाण्यात त्यांचा जन्म गेला होता.

“आबा,” मी म्हटलं, “बाईंच्या लिहिण्यात तुम्ही एक ओळ दोनदा दुरुस्त केलीत. आय, पानी दे गं. ती कुणाची आहे, माहीत आहे?”

सवयीप्रमाणं त्यांनी मान खाली घातली. “आय,” ते म्हणाले. “पानी. दे गं.” आणि ‘बरोबर?’ न विचारता थांबले. त्यांचा मुलगा सांगलीत वाढला, तो पहिल्यापासून आई म्हणायचा. त्या घरात आय म्हणणारं एकच मूल होऊन गेलं होतं.

मी माझ्या खोलीत आले.

दोन दिवस आबांनी नोंदवही लिहिली नाही. पाणी आलं, वीज गेली, कुठंच नोंद नाही. खाली ते जेवायला जायचे, जेवून वर यायचे. दोघं एकमेकांशी नेहमीसारखं मिठा-मसाल्यापुरतं बोलायचे. तिसऱ्या दिवशी त्यांनी मला हाक मारली.

“ह्या वरच्या मशीनवरनं मराठी काढता येतंय का?”

“म्हणजे?”

“तो फॉन्ट. त्यो काढला तर काय व्हईल?”

त्या काळातला तो प्रोग्रॅम अक्षरं खालून आणायचा, पण दाखवायचा वरच्या मशीनच्या फॉन्टमध्ये. वर मराठी फॉन्ट नसेल तर नुसत्या इंग्रजी खुणा उमटल्या असत्या, कुणालाच न वाचता येणाऱ्या. मी तसं सांगितलं.

“इंग्रजी खुणा. वाचाय येत न्हाई,” आबा म्हणाले. “पण बाण हालल्याला दिसंल?”

“दिसेल.”

“मग काढ.”

मी फॉन्ट काढला. पडद्यावर बाईंचं पान होतं, ते क्षणात सगळं आडवंतिडवं झालं. कंस, टिंबं, स्पेलिंग नसलेले शब्द. त्यातून बाण हळूहळू खाली सरकत होता. आबांनी जवळ जाऊन बघितलं, चष्मा काढून बघितलं आणि मान हलवली.

मी हे खाली बाईंना सांगितलं. त्यांनी मशीनमागं हात घालून टोपी घट्ट केली आणि पुढं कधी काढली नाही. आबांच्या वहीत तीन वाजताच्या रकान्यात रोज दोन शब्द यायला लागले, ‘लाईन चालू’.

त्यानंतर महिनाभरानं, एका रविवारी दुपारी, बाईंनी मला खाली बोलावलं. पडद्यावर नवं कोरं पान होतं.

“वर जा आणि त्यांना म्हणावं, इथून पुढचं मला माहीत नाही,” त्या म्हणाल्या. “ती गेल्याचं तुम्हाला कळलं, तो दिवस तुमचा आहे. तुम्हीच लिहा. मी हात लावत नाही.”

मी वर जाऊन निरोप सांगितला. आबांनी तो परत म्हटला नाही. उठून खुर्ची पडद्याजवळ ओढली.

“फॉन्ट परत टाकते,” मी म्हटलं. “तुम्हाला दिसायचं नाही काय लिहिताय ते.”

“नको,” आबा म्हणाले. “दिसलं तर खोडत बसंन. तू खाली जा, बाईंजवळ बस.”

कीबोर्डच्या कळा त्यांना न बघता पाठ होत्या. मी खाली आले. बाई हात मांडीवर ठेवून बसल्या होत्या. थोड्या वेळानं कोऱ्या पानावर अक्षरं उमटायला लागली, एकेक, मध्ये थांबत.

‘सुजाता गेल्याची तार आमच्या पलटनीला आली. मागल्या ठाण्यावरनं ती फोनच्या लाईनीवर पुढं दिली. लाईनीवर त्या दिशी मीच होतो. पलीकडल्याला ठाव न्हवतं की मीच त्यो. त्यानं नाव सांगीतलं, नंबर सांगीतला. मी लिवून घेतलं. मग तुमची मुलगी वारली आसं सांगीतलं. ते बी लिवून घेतलं. नीयमाप्रमानं मी ते परत म्हनून दाखवलं. त्यो म्हनला बरोबर. मग दुसरा नीरोप आला. त्यो बी घेतला. संध्याकाळपतुर घेत व्हतो.’

इथं अक्षरं थांबली. बाई पडद्याकडंच बघत होत्या. मग आणखी एक ओळ आली.

‘रजेवर आलो तवा तू काय बोलली न्हाईस. मला वाटलं तुला बोलायचं न्हाई.’

त्यानंतर काही आलं नाही. बाण पानाच्या कोपऱ्यात जाऊन थांबला. वर खुर्ची सरकल्याचा आवाज झाला, मग कठड्याला धरून एकेक पायरी उतरल्याचा. मी उठले. बाईंनी मला जा म्हणून खूण केली, आणि मी मागच्या दारानं बाहेर पडले. त्या दिवशी मी आमराईपर्यंत चालत गेले आणि अंधार पडल्यावर परतले. खालच्या खोलीचा दिवा चालू होता. आत काय बोलणं झालं ते मला माहीत नाही.

पुढं वर्षभरात बाईंचं लिहिणं पुरं झालं. सातारच्या एका छोट्या छापखान्यात त्याचं पुस्तक झालं. तपासायची मुद्रितं नेण्या-आणण्याचं काम माझ्याकडं होतं. आबांचं पान त्यात जसंच्या तसं आहे. तोवर माझं लग्न ठरलं आणि मी सांगली सोडली. आबांना जाऊन आता बरीच वर्षं झाली, बाई त्यांच्यानंतर दोन वर्षांनी गेल्या.

पण त्या रविवारनंतरची सकाळ मला आठवते. मी क्लासला निघाले होते, चपला घालत होते. वंदना होऊन गेली होती. खालच्या खोलीतून दोघांचे आवाज येत होते.

“तिचे केस कुरळे न्हवते,” आबा म्हणत होते.

“आवं, कुरळे होते. मी रोज विंचरायची.”

“मी एकदा रजेवर आलो तवा सरळ व्हते.”

“तेव्हा ती दीड वर्षाची होती. तेव्हा कुणाचेही सरळच असतात.”

“कपाळावर तरी सरळ व्हते. मला चांगलं आठवतंय.”

मी फाटक लावून रस्त्याला लागले, तरी ते चालूच होतं. दुपारी जेवायला परत आले तेव्हाही त्यांचं केसांचं ठरलेलं नव्हतं.